एका ओळीचा बदल आणि त्यामागचं काम: ओपन सोर्स प्रकल्पात कोड कसा द्यायचा

ओपन सोर्स प्रकल्पात, म्हणजे ज्याचा कोड कोणालाही वाचता-बदलता येतो अशा प्रकल्पात, स्वीकारला गेलेला माझा पहिला बदल एका ओळीचा होता, निदान मी पाठवला तेव्हा तरी. सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेला तक्ता) वाचून तिचं जेसॉन (प्रोग्रामांना वाचायला सोपी अशी मजकुराची मांडणी) करून देणारं, पायथनमध्ये लिहिलेलं एक छोटं कमांड-लाइन टूल मी रोज वापरायचे. एरवी ते बिनतक्रार चालायचं, पण काही फाइलींवर हटकून अडायचं: 'आयडी नावाचा कॉलम सापडला नाही'. फाइल उघडून बघावी तर पहिलाच कॉलम आयडी, अगदी डोळ्यांसमोर.

कारण सापडायला एक संध्याकाळ लागली. माझी ओळ मुख्य कोडमध्ये जायला त्यानंतर तीन आठवडे लागले. ओपन सोर्समध्ये काम करणं म्हणजे काय, हे मला त्या तीन आठवड्यांत कळलं. मेंटेनर, म्हणजे प्रकल्प सांभाळणारा माणूस, तुमचा बदल मर्ज करतो, म्हणजे मुख्य कोडमध्ये घेतो, तेव्हा तो कोड पुढे सांभाळायची जबाबदारी घेत असतो. तुम्ही उद्या दुसऱ्या कामाला लागाल, पण त्या ओळीबद्दल दोन वर्षांनी तक्रार आली तर उत्तर त्यालाच द्यायचं असतं, बहुतेक वेळा पदरमोड करून, रात्रीच्या फावल्या वेळात. म्हणून पुढच्या प्रत्येक पायरीवर मी एकच गोष्ट तपासते: यानं त्याचं ओझं कमी होतंय की वाढतंय?

ॲड, कमिट, पुश इतपत गिट तुम्हाला येतं असं मी धरून चालले आहे.

प्रकल्प निवडताना

जे सॉफ्टवेअर तुम्ही स्वतः वापरता, त्यातच काम करा. प्रसिद्ध प्रकल्पाच्या यादीत आपलं नाव लागावं म्हणून अनोळखी कोडबेसमध्ये उडी घेतली, तर काय बिघडलंय आणि काय मुद्दाम तसं ठेवलंय हेच कळत नाही. रोज वापरणाऱ्याला कुठे टोचतं ते नेमकं माहीत असतं. तुमचं आवडतं टूल आतून जी लायब्ररी वापरतं, तीही चांगली निवड असते. तिच्याकडे माणसं कमी असतात आणि काम भरपूर पडलेलं असतं.

मग प्रकल्प जिवंत आहे का ते बघा. गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर त्याला स्टार किती आहेत यावरून काही कळत नाही. बंद झालेल्या पुल रिक्वेस्ट (थोडक्यात पीआर, म्हणजे 'माझा बदल घ्या' अशा विनंत्या) उघडा आणि शेवटच्या दहा-पंधरा वाचा. बाहेरच्या माणसाचा पीआर शेवटी कधी मर्ज झाला? त्याला पहिलं उत्तर किती दिवसांत मिळालं? नाही म्हणताना मेंटेनरनं कारण दिलं का? या अर्ध्या तासात तुम्हाला तिथल्या माणसांचा स्वभाव कळतो. सहा महिने एकही पीआर मर्ज झालेला नसेल, तर तुमचा कोड कितीही चांगला असला तरी तो तिथे पडून राहील.

प्रत्येक प्रकल्प गिटहबवरच्या पुल रिक्वेस्टच्या वाटेनं जात नाही, हेही लक्षात असू द्या. गिटलॅबवर याच गोष्टीला मर्ज रिक्वेस्ट म्हणतात. अँड्रॉइड आणि क्रोमियम यांचं रिव्ह्यू, म्हणजे कोडची तपासणी, गेरिट नावाच्या साधनावर चालतं. लिनक्स कर्नलमध्ये आजही पॅच (बदलांच्या छोट्या फाइली) ईमेलनं जातात, आणि पॅच कोणाला पाठवायचा हे सांगणारी 'गेट मेंटेनर' नावाची स्क्रिप्ट कर्नलच्या कोडमध्येच मिळते. या लेखात मी गिटहबची पद्धत धरली आहे, कारण सुरुवात बहुतेकांची तिथेच होते.

आधी वाचायच्या फाइली

रेपोच्या, म्हणजे प्रकल्पाच्या कोडच्या साठ्याच्या, मुळाशी रीडमी, कॉन्ट्रिब्युटिंग, लायसन्स आणि कोड ऑफ कंडक्ट अशा फाइली असतात. त्यातली कॉन्ट्रिब्युटिंग अक्षरन् अक्षर वाचा. बदल कोणत्या ब्रँचवरून (कोडच्या कोणत्या फांदीवरून) काढायचा, टेस्ट कशा चालवायच्या, कमिट मेसेजची ठेवण कशी असावी, मोठ्या बदलाआधी इश्यू (तक्रारीची किंवा सूचनेची नोंद) उघडायचा का, हे सगळं त्यात असतं. ती न वाचता पाठवलेला पीआर मेंटेनरला पहिल्या मिनिटात ओळखू येतो.

लायसन्स समजून घ्या. एमआयटी आणि अपाची २.० ही मोकळी लायसन्स आहेत. तो कोड बंदिस्त उत्पादनातही वापरता येतो, अटी थोड्या असतात. जीपीएलची अट अशी की त्या कोडवर बेतलेला प्रोग्राम दुसऱ्यांना वाटलात तर त्याचा सोर्सही त्याच लायसन्सखाली द्यावा लागतो. याचा तुमच्या कामाशी थेट संबंध आहे: जीपीएल प्रकल्पातलं एखादं फंक्शन उचलून एमआयटी प्रकल्पात टाकता येत नाही. कुठेतरी वाचलेल्या उत्तरातून घेतलेल्या कोडलाही लायसन्स असतं. जे तुम्ही स्वतः लिहिलेलं नाही, ते कुठून आलं हे सांगता आलंच पाहिजे.

काही प्रकल्पांत प्रत्येक कमिटखाली 'साइन्ड-ऑफ-बाय' ही ओळ लागते. गिट कमिटला हायफन एस हा पर्याय दिला की ती आपोआप येते. ही पद्धत लिनक्स कर्नलमध्ये २००४ साली सुरू झाली. तिचा अर्थ असा की हा कोड देण्याचा मला अधिकार आहे, हे मी माझ्या नावानिशी सांगतो. अपाची फाउंडेशन किंवा गूगलचे प्रकल्प वेगळा करारच करून घेतात. तुम्ही नोकरीत असाल तर आपल्या नेमणुकीच्या करारात कोडच्या मालकीबद्दल काय लिहिलंय ते आधी पाहा आणि गरज असल्यास लेखी परवानगी घ्या. पीआर मर्ज झाल्यावर हा प्रश्न निघाला तर तुमच्याबरोबर प्रकल्पही अडचणीत येतो.

आणखी एक, अगदी पहिल्या कमिटआधीचं. गिटमध्ये तुमचं नाव आणि ईमेल काय नोंदवलंय ते तपासा. कमिट एकदा सार्वजनिक झालं की तो पत्ता इतिहासात कायमचा राहतो. खासगी ईमेल उघड करायचा नसेल तर गिटहब त्यासाठी वेगळा नो-रिप्लाय पत्ता देतं, तो वापरा.

काम शोधणं आणि 'मी हे घेतो' म्हणणं

'गुड फर्स्ट इश्यू' या लेबलखाली नवख्यांसाठी राखलेली कामं असतात. लोकप्रिय प्रकल्पांत ती तासाभरात कोणीतरी उचलतं. त्यापेक्षा खात्रीची वाट म्हणजे 'बग' लेबलचे जुने इश्यू घेऊन ते आपल्या मशीनवर घडवून बघणं. 'ताज्या आवृत्तीवर हा बग अजून येतो, या चार ओळींनी घडवता येतो' किंवा 'आता येत नाही' एवढी एक कॉमेंटसुद्धा मेंटेनरचं खरं काम वाचवते. कोडची एकही ओळ न लिहिता तुम्ही ओळखीचे होता, आणि असे दोन-तीन बग घडवून बघितले की त्यातला एखादा आपल्याला सुटण्यासारखा आहे हे आपोआप लक्षात येतं.

हात घालण्याआधी त्याच इश्यूवर कोणाचा पीआर उघडा आहे का ते शोधा. नसेल तर इश्यूवर थोडक्यात लिहा: कारण काय वाटतं, दुरुस्ती कशी करणार, कुठे शंका आहे. चार ओळींची दुरुस्ती असेल तर उत्तराची वाट पाहत बसायची गरज नाही. नवी सोय घालायची असेल तर मात्र होकार मिळाल्याशिवाय कोड लिहू नका. महिनाभर राबून तयार केलेलं फीचर 'आम्हाला हे नको आहे' या एका वाक्यावर परत येतं, आणि ते वाक्य बरोबरही असतं, कारण ते फीचर पुढची अनेक वर्षं त्यांनाच पोसायचं असतं.

याला एकच अपवाद. सापडलेला दोष सुरक्षेचा असेल, म्हणजे कोणी त्याचा वापर करून डेटा चोरू शकेल किंवा आत शिरू शकेल असा, तर उघड इश्यू करू नका, पीआरही नाही. सिक्युरिटी नावाच्या फाइलमध्ये खासगीत कळवायचा मार्ग दिलेला असतो, त्यानंच जा.

काही न बदलता आधी चालवून बघा

रेपो फोर्क करा (गिटहबवर स्वतःची प्रत काढा), आपला फोर्क क्लोन करा (ती प्रत मशीनवर उतरवा), आणि मूळ रेपोला 'अपस्ट्रीम' नावानं रिमोट म्हणून जोडा. आता बिल्ड करा आणि सगळ्या टेस्ट चालवा. अजून एका ओळीलाही हात लावलेला नाही, हे महत्त्वाचं. काही टेस्ट तुमच्या मशीनवर आधीपासूनच फेल होत असतील तर त्यांची नावं टिपून ठेवा, नाहीतर उद्या आपणच काहीतरी मोडलं म्हणून दोन दिवस डोकं फोडाल. बिल्डच्या सूचनांमध्ये एखादी पायरी राहिली आहे असं दिसलं तर तीही टिपून ठेवा. नव्या माणसाला जे खटकतं ते जुन्यांना दिसेनासं झालेलं असतं, त्यामुळे ती सूचना सुधारणं हाही चांगला पहिला पीआर होऊ शकतो.

विंडोजवर काम करणाऱ्यांनी ओळींच्या शेवटाकडे लक्ष द्या. एडिटरनं नकळत सगळ्या फाइलचे लाइन एंडिंग (ओळ संपल्याच्या न दिसणाऱ्या खुणा) बदलले, तर दोन ओळींच्या बदलासाठी डिफमध्ये, म्हणजे बदललेल्या ओळींच्या यादीत, आठशे ओळी दिसतात. असा डिफ कोणालाही वाचता येत नाही.

दोष नेमका कुठे आहे

मोठा कोडबेस पहिल्यापासून वाचायला बसू नका. एक धागा पकडा आणि तो धरून आत जा. सगळ्यात सोपा धागा म्हणजे स्क्रीनवर दिसणारा एरर मेसेज. तोच मजकूर कोडमध्ये शोधायचा. माझ्या टूलमध्ये 'सापडला नाही' हे वाक्य एकाच फाइलमध्ये होतं. त्याच्या आधीच्या ओळीवर मी कॉलमची नावं नुसती प्रिंट न करता रेप्र या फंक्शनमधून प्रिंट केली, ते न दिसणारी अक्षरंही उघडी करतं. नुसत्या प्रिंटमध्ये 'आयडी' स्वच्छ दिसत होतं. रेप्रमध्ये त्याच्या आधी एक न दिसणारं अक्षर निघालं, युनिकोडमधलं एफईएफएफ.

त्याला बाइट ऑर्डर मार्क म्हणतात. यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये (अक्षरं बाइटमध्ये लिहायच्या पद्धतीत) ते ईएफ, बीबी, बीएफ अशा तीन बाइटनी लिहिलं जातं. एक्सेलमधून 'सीएसव्ही यूटीएफ-८' म्हणून सेव्ह केलेल्या फाइलच्या सुरुवातीला ते असतं. टूल फाइल साध्या यूटीएफ-८ मध्ये उघडत होतं, त्यामुळे ते अक्षर पहिल्या कॉलमच्या नावाला चिकटून राहायचं. पायथनमध्ये यासाठी यूटीएफ-८-सिग नावाचं एन्कोडिंग आहे. वाचताना सुरुवातीला ही खूण असली तर ते गाळतं, नसली तर नेहमीसारखं वाचतं. कोडमध्ये एन्कोडिंगचं नाव एका कॉन्स्टंटमध्ये (नाव देऊन एकाच जागी ठेवलेल्या ठराविक मूल्यात) ठेवलेलं होतं. मी तो बदलला, फाइल चालली, आणि काम झालं असं मला वाटलं.

धागा इतका सरळ मिळाला नाही तर गिटचा इतिहास कामाला येतो. गिट ब्लेम एखादी ओळ कोणत्या कमिटमध्ये आली ते सांगतं. त्या कमिटचा मेसेज आणि त्यावेळची चर्चा वाचली की विचित्र दिसणाऱ्या कोडमागचं कारण पुष्कळदा सापडतं. जुन्या आवृत्तीत चालत होतं आणि आता चालत नाही असा बग असेल तर गिट बायसेक्ट वापराच. चांगली आणि बिघडलेली अशी दोन टोकं दिली की ते मधलं कमिट तपासायला देतं आणि प्रत्येक वेळी शोध अर्ध्यावर आणतं. हजार कमिटमधून गुन्हेगार सुमारे दहा चाचण्यांत हाती लागतो. तो इश्यूवर लिहिलात तर निम्मं काम झालं.

बदल करताना

मुख्य ब्रँचवर काम करू नका. अपस्ट्रीमची ताजी स्थिती फेच करून तिच्यावरून नवी ब्रँच काढा आणि तिला कामाचं नाव द्या. एका ब्रँचमध्ये एकच गोष्ट. जाता जाता दिसलेली टायपो, नको असलेला इम्पोर्ट, न आवडलेलं व्हेरिएबलचं नाव, यांना हात लावायचा मोह आवरा. एडिटर फाइल सेव्ह करताना आपोआप फॉरमॅट करत असेल तर ती सोय या प्रकल्पापुरती बंद करा, नाहीतर प्रकल्पाचाच फॉरमॅटर लावा. रिव्ह्यू करणाऱ्याला डिफमधल्या प्रत्येक ओळीबद्दल 'ही का बदलली?' असं विचारावं लागतं. ज्या ओळीचं उत्तर 'सहज' असेल ती काढून टाका.

शैली आजूबाजूच्या कोडची घ्या. तुम्हाला दुसरी पद्धत जास्त चांगली वाटत असेल, कदाचित ती असेलही, पण एकाच फाइलमध्ये दोन पद्धती असणं हे दोन्हींपेक्षा वाईट.

दुरुस्तीच्या आधी टेस्ट लिहा, आणि ती फेल होताना डोळ्यांनी बघा. हे मी ठासून सांगते, कारण दुरुस्तीनंतर लिहिलेली टेस्ट दुरुस्ती नसतानाही पास होत होती, असा प्रसंग माझ्यावर आला आहे. आधी लाल दिसलेली टेस्ट नंतर हिरवी झाली, तरच ती त्या बगची टेस्ट आहे. पुढे कोणी ती ओळ चुकून काढली तर हीच टेस्ट ओरडणार असते. मेंटेनरच्या दृष्टीनं दुरुस्तीइतकीच मोलाची गोष्ट ही आहे.

कमिट करताना गिट ॲडला हायफन पी हा पर्याय द्या. तो प्रत्येक तुकडा दाखवून घ्यायचा का विचारतो, त्यामुळे विसरलेले प्रिंट स्टेटमेंट तिथेच सापडतात.

कमिट मेसेज

कोड काय करतो हे डिफमध्ये दिसतं. मेसेजमध्ये 'का' हवं. पहिली ओळ साधारण पन्नास अक्षरांची, आज्ञार्थी. मग एक रिकामी ओळ. मग बहात्तर अक्षरांवर मोडलेला मजकूर, ही गिटच्या जगातली रुळलेली पद्धत आहे. रिव्ह्यूनंतर सुधारलेला माझा मेसेज मराठीत मांडला तर असा होता:

'सीएसव्ही वाचताना बाइट ऑर्डर मार्क गाळा.

काही स्प्रेडशीट प्रोग्राम यूटीएफ-८ फाइलच्या सुरुवातीला ही खूण लिहितात. ती पहिल्या कॉलमच्या नावाला चिकटते आणि तो कॉलम नावानं शोधता येत नाही. वाचण्यासाठी यूटीएफ-८-सिग वापरा. खूण नसलेल्या फाइलींवर परिणाम होत नाही. लिहिण्याचं एन्कोडिंग बदललेलं नाही.'

प्रत्यक्षात हे इंग्रजीत लिहावं लागतं, कारण बहुतेक प्रकल्पांची कामाची भाषा ती आहे. इंग्रजीची भीती वाटत असेल तर छोटी वाक्यं लिहा. व्याकरणाच्या चुकीवरून कोणी पीआर नाकारत नाही. काय घडत होतं आणि काय घडायला हवं, एवढं कळलं की पुरतं.

पीआर उघडताना

वर्णनात चार गोष्टी असाव्यात: कोणता प्रश्न, तो घडवायची रीत, तुमची दुरुस्ती, आणि ती कशी तपासली. इश्यूच्या क्रमांकाआधी 'फिक्सेस' लिहिलंत तर पीआर मुख्य ब्रँचमध्ये मर्ज होताच गिटहब तो इश्यू स्वतःहून बंद करतं. ज्याबद्दल खात्री नाही ते स्वतःच सांगा: 'विंडोजवर चालवून बघितलेलं नाही', 'या फंक्शनचं नाव तुम्हाला पटतंय का?' असं मोकळेपणानं लिहिलं की रिव्ह्यू करणाऱ्याला कुठे जास्त लक्ष द्यायचं ते कळतं. काम अर्धवट असताना मत हवं असेल तर पीआर ड्राफ्ट म्हणून उघडा.

पाठवण्याआधी 'फाइल्स चेंज्ड' या टॅबवर जाऊन आपला डिफ परक्या माणसाचा असल्यासारखा एकदा वाचा. एडिटरमध्ये न दिसलेल्या चुका तिथे हमखास दिसतात.

प्रकल्पात तुमचा हा पहिलाच पीआर असेल तर सीआय (टेस्ट आपोआप चालवणारी यंत्रणा) बहुधा लगेच सुरू होणार नाही. अनोळखी माणसाचा कोड आपल्या यंत्रणेवर चालवायला गिटहबवर मेंटेनरची परवानगी लागते, तेव्हा थांबा. मग लाल फुली आली तर लॉग खालून वर वाचत पहिली खरी चूक शोधा. पुष्कळदा तो नुसता लिंटर (कोडची शैली तपासणारा प्रोग्राम) असतो. तुमच्या बदलाशी संबंध नसलेली टेस्ट फेल झाली असेल, तर मुख्य ब्रँचवरही ती फेल होते का ते बघून तसं लिहा.

रिव्ह्यू

खरं काम इथे होतं, आणि नवखी माणसं बहुतेक इथेच सोडून जातात.

माझ्या एका ओळीवर पाच दिवसांनी दोन कॉमेंट आल्या. पहिली: 'हा कॉन्स्टंट फाइल लिहितानाही वापरला जातो. आता आपलं आउटपुटही सुरुवातीला ती खूण घेऊन बाहेर पडेल.' मी जाऊन बघितलं. यूटीएफ-८-सिगनं लिहिलं की सुरुवातीला ते तीन बाइट लिहिले जातात, म्हणजे ज्या आजारावर मी औषध दिलं होतं तोच मी दुसऱ्या प्रोग्रामांकडे पाठवत होते. दुसरी कॉमेंट: 'पाइपनं आलेल्या इनपुटचं काय?' फाइलचं नाव दिलं तर टूल ती स्वतः उघडायचं, पण पाइपनं, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामकडून थेट, आलेला मजकूर स्टँडर्ड इनपुटमधून यायचा आणि तिथे माझी दुरुस्ती पोचतच नव्हती.

मी कॉन्स्टंट पूर्ववत केला, वाचण्यासाठी वेगळा केला, स्टँडर्ड इनपुटलाही तेच एन्कोडिंग लावलं, आणि एका टेस्टच्या चार केल्या: खूण असलेली फाइल, नसलेली फाइल, पाइपनं आलेली फाइल, आणि आउटपुटमध्ये खूण नाही याची खात्री. दोन्ही कॉमेंट कोडबद्दल होत्या. माझ्याबद्दल त्यात एक शब्द नव्हता. पहिल्यांदा वाचताना मात्र छातीत धस्स झालं होतं, आणि तसं तुम्हालाही होईल. उत्तर लगेच टाइप करू नका. थोडं फिरून या, मग कॉमेंट तपासून बघा. ती बरोबर असेल तर बदल करा आणि 'केलं' एवढं लिहा. पटत नसेल तर कारण आणि शक्य असल्यास टेस्ट दाखवा. मेंटेनर म्हणतो म्हणून चुकीचा बदल मुकाट करणं हेही मदतीचं नाही.

'निट' असं लिहून आलेली सूचना बारीक असते. ती केली तर बरं, तिच्यावर वाद घालू नये. 'एलजीटीएम' ('मला ठीक दिसतंय' या अर्थाचा इंग्रजी संक्षेप) आलं की त्या माणसाची संमती मिळाली. प्रत्येक कॉमेंटला उत्तर द्या, नाहीतर कोणती राहिली हे त्याला पुन्हा सगळं वाचून शोधावं लागतं.

मेंटेनर इतके चोखंदळ का असतात, याची कारणं इतिहासात आहेत. इंटरनेटवरचा संवाद कूटबद्ध करणाऱ्या ओपनएसएसएल या लायब्ररीच्या २०१२ मध्ये आलेल्या १.०.१ आवृत्तीत समोरच्यानं सांगितलेली मजकुराची लांबी खरी आहे का, हे तपासायचं राहून गेलं. ते रिव्ह्यूमधूनही निसटलं आणि एप्रिल २०१४ मध्ये हार्टब्लीड या नावानं जगासमोर आलं, तोवर असंख्य सर्व्हरच्या मेमरीतून गुपितं वाचता येत होती. फाइली आकुंचित करणाऱ्या एक्सझेड या टूलचं २०२४ चं प्रकरण तर अधिक बोलकं आहे. 'जिया टॅन' या नावानं वावरणाऱ्या कोणीतरी दोन वर्षांहून जास्त काळ नेमानं पॅच देत विश्वास कमावला, मेंटेनरचे अधिकार मिळवले आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये चोरदरवाजा बसवला. एसएसएच लॉगिनला (दूरच्या मशीनवर सुरक्षितपणे शिरायला) सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय हे पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंड या डेव्हलपरच्या लक्षात आलं, म्हणून मार्च २०२४ मध्ये ते उघडकीस आलं. जिया टॅन येण्याआधी एक्सझेडची देखभाल मुख्यतः एकच दमलेला माणूस करत होता. अनोळखी माणसाच्या कोडवर चार प्रश्न विचारले जातात ते याचमुळे. त्या प्रश्नांचा मला आता आधार वाटतो.

उत्तरच आलं नाही तर? दोन आठवडे थांबा, मग एक सौम्य ओळ लिहा: 'यात माझ्याकडून आणखी काही हवं आहे का?' त्यानंतर महिनाभर शांतता असेल तर दुसरं काम घ्या. नकार आला तर कारण समजून घ्या, आभार माना, पीआर बंद करा. तुमचा बदल तुमच्या फोर्कमध्ये आहेच, तुम्ही तो वापरत राहू शकता. ओपन सोर्सनं दिलेलं ते स्वातंत्र्य नकारानं हिरावलं जात नाही.

मधल्या काळात मुख्य ब्रँच पुढे गेली असेल तर कॉन्फ्लिक्ट (एकाच जागी दोन वेगळे बदल) येतात. अपस्ट्रीम फेच करून आपली ब्रँच तिच्यावर रिबेस करा (आपले बदल तिच्या ताज्या टोकावर पुन्हा बसवा), कॉन्फ्लिक्ट सोडवा, टेस्ट पुन्हा चालवा. मग पुश करताना नुसता फोर्स नको, फोर्स-विथ-लीज वापरा. रिमोटवर तुम्ही न पाहिलेलं कमिट आलेलं असेल तर तो पुश थांबतो. रिव्ह्यू चालू असताना काही प्रकल्पांना इतिहास पुन्हा लिहिलेला आवडत नाही, कारण आधी वाचलेलं आणि नवीन यातला फरक दिसेनासा होतो. काहींना शेवटी स्वच्छ कमिट हवीच असतात. कॉन्ट्रिब्युटिंगमध्ये लिहिलेलं नसेल तर विचारा.

एआयनं लिहिलेला कोड

याबद्दल प्रकल्पांची धोरणं वेगवेगळी आहेत. जेंटू आणि नेटबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीम प्रकल्पांनी २०२४ मध्ये एआयनं तयार केलेल्या कोडला मनाई केली. काही प्रकल्प वापर जाहीर करायला सांगतात. आधी धोरण बघा. मनाई नसली तरी ज्या ओळीचं स्पष्टीकरण तुम्ही स्वतः देऊ शकत नाही ती पाठवू नका. असा कोड तयार करायला एक मिनिट लागतं आणि तो तपासायला मेंटेनरचा एक तास जातो. रिव्ह्यूमधले प्रश्न पुन्हा एआयलाच विचारून उत्तरं चिकटवणारे पीआर मी पाहिले आहेत. तिथे मेंटेनर खरं तर एका यंत्राशी बोलत बसलेला असतो आणि त्याला ते कळतं.

मर्ज झाल्यावर

ब्रँच काढून टाका. प्रकल्प स्क्वॉश मर्ज करत असेल तर तुमच्या कमिटचं एकच नवं कमिट होतं, त्यामुळे लोकल ब्रँच मर्ज झालेली नाही असं गिट म्हणतं. ब्रँच काढताना गिट ब्रँचला हायफन लहान डी दिला तर ती बहुधा निघत नाही, मोठा डी द्यावा लागतो. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. आधी मुख्य ब्रँच ताजी करून आपला बदल तिथे दिसतो ना ते बघा, मग काढा.

पुढच्या एक-दोन रिलीज होईपर्यंत इश्यूंवर नजर ठेवा. आपल्या बदलामुळे काही मोडलं असेल तर ते तेव्हाच कळतं, आणि ते सर्वांत लवकर तुम्हीच दुरुस्त करू शकता. माझा बदल रिलीज झाल्यावर आठवड्याभरात एक इश्यू आला: यूटीएफ-१६ या दुसऱ्या एन्कोडिंगमधली फाइल चालत नाही. ती आधीही चालत नव्हती, पण बाइट ऑर्डर मार्क हा शब्द वाचून मी तो उघडला, फाइल मागवली, पहिले दोन बाइट तपासले आणि काय सापडलं ते तिथे लिहिलं. मेंटेनरनं त्या इश्यूवर माझं नाव लावलं आणि विचारलं, 'हे तुम्ही बघाल का?'